गॅरेजमधले चोवीस मासे

गुरुदत्त केरकरांच्या बेचाळीस वर्षांच्या संसारात एक नियम चालत आला होता. स्वयंपाकघरातला फ्रिज वीणाताईंचा, गॅरेजमधला फ्रीझर गुरुदत्तांचा. नियम कुठे लिहिलेला नव्हता. वीणाताई पुण्याच्या, अंडंसुद्धा लांबून ओळखणाऱ्या घरातल्या. गुरुदत्त वेंगुर्ल्याचे, मासा नसेल त्या दिवशी उपास धरला असं समजणाऱ्या घरातले. शॉमबर्गला घर घेताना एजंटने मोठ्या कौतुकाने दोन गाड्यांचं गॅरेज दाखवलं, तेव्हा वीणाताईंनी शांतपणे विचारलं, "एक गाडी बाहेर उभी राहिली तर चालेल ना?" गाडी बाहेर राहिली. तिच्या जागी इलेक्ट्रिक शेगडी, घडीचं टेबल, बिडाचा तवा आणि एक फ्रीझर आला. शिकागोच्या जानेवारीत, गॅरेजचं दार वीतभर वर करून, कानटोपी घालून मासे तळणारा माणूस म्हणून गुरुदत्तांची त्या गल्लीत तीस वर्षं ख्याती होती.

गॅरेजमध्ये त्यांना सोबत असायची ती लेकीची, कादंबरीची. सहा वर्षांची पोर उलट्या बादलीवर बसून टॉर्च धरायची आणि विचारायची, "हे काय? आणि हे?" गुरुदत्त सांगायचे, हे जठर, हे काळीज, ही पित्ताची पिशवी, ही फुटली तर सगळं कडू. बाकीच्यांच्या मुली भरतनाट्यमला जात होत्या. ही पुढे माशांवर पीएचडी करून ऑरेगनच्या किनाऱ्यावर, न्यूपोर्टला, संशोधक म्हणून नोकरीला लागली.

"मी तिला करिअरचं कधी एका शब्दानं सांगितलं नाही," असं गुरुदत्त म्हणत.

"तुम्ही तिला गॅरेजमध्ये नेलंत, तेवढं पुरलं," असं वीणाताई म्हणत.

त्या वर्षी जुलैत दोघं महिनाभर लेकीकडे राहायला आली. गुरुदत्तांना तोवर रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. नोकरीत ते क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. म्हणजे यंत्राचा एखादा भाग बिघडला, तर तो कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत, कुठल्या पेटीतून आला हे शोधून काढायचं. आता घरात बिघडण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते जरा कोमेजले होते. शॉमबर्गच्या रवींद्रने महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला होता: सॅमन मासा जसा जन्मस्थानी परततो, तसे आपणही, वगैरे. गुरुदत्तांनी हे लेकीला सांगितलं.

"बाबा, सॅमन परत जातात, अंडी घालतात आणि मरतात," कादंबरी म्हणाली. "रवींद्रकाकांना विचार, चालेल का."

लेख तिथेच राहिला.

पहिल्याच रात्री जेवताना तिने आपलं काम समजावून सांगितलं. सॅमन नदीत जन्मतो, पोर वीतभर झालं की वसंतात समुद्रात उतरतं आणि मोठं होऊन नदीत परत येतं. ती अभ्यास करते त्या जातीचा, म्हणजे कोहो सॅमन, दीड वर्षाने. किती परत येणार, हे बरंचसं समुद्रातल्या पहिल्या काही आठवड्यांतच ठरतं.

"उत्तरेचा वारा वाहिला ना, की किनाऱ्याचं वरचं पाणी बाहेर ढकललं जातं, आणि खालून गार पाणी वर येतं. अशा वेळी उत्तरेकडचे बारीक जीव येतात. तिळाएवढे असतात, पण अंगात फॅट भरपूर. ते खाऊन समुद्रातली कोळंबी, बारीक मासळी लठ्ठ होते, आणि ती खाऊन आपली पोरं. समुद्र गरम असला की दक्षिणेकडचे येतात. संख्येने भरपूर, पण स्किनी. आत काहीच नाही."

"कुरमुरे," गुरुदत्त म्हणाले.

"एक्झॅक्टली. कुरमुरे खाऊन पोरं मोठी होत नाहीत. मग त्यांना बाकीचे खातात."

वीणाताईंनी तिच्या भातावर तुपाची धार धरली. "म्हणजे पहिल्या महिन्यात तूप मिळालं तर पोर टिकतं. हे आमच्या आईला माहीत होतं. बोट घेऊन जावं लागलं नव्हतं."

"आजीकडे चोवीस वर्षांचा डेटा होता का?"

"सात मुलांचा होता."

भिंतीवर कादंबरीचा तक्ता होता. वर वर्षं, बाजूला पाण्याचं तापमान, वारा, तिळाएवढे जीव, असं बरंच काही, आणि प्रत्येक चौकोन हिरवा, पिवळा नाहीतर लाल. हिरवा म्हणजे पोरांची चंगळ, लाल म्हणजे उपासमार. चोवीस वर्षांत एकही चौकोन रिकामा नव्हता. यंदाच्या रांगेत एकच भरायचा राहिला होता: जूनमध्ये पकडलेल्या पोरांनी काय खाल्लं होतं. त्यावरून पुढच्या वर्षी मासे किती येणार याचा पहिला अंदाज ती येत्या गुरुवारी सांगणार होती. ऐकायला मच्छीमार येणार होते, नदीकाठची आदिवासी मंडळी येणार होती, मासे पैदा करणाऱ्या केंद्राचे लोक येणार होते.

"आणि तो चौकोन राहिला तर?" गुरुदत्तांनी विचारलं. रिकामा चौकोन त्यांना वैयक्तिक अपमानासारखा वाटे.

"तर कायमचा राहिला. गेलेला जून परत पकडता येत नाही, बाबा."

हे रविवारी. सोमवारी प्रयोगशाळेतला फ्रीझर बंद पडला. पाघळायच्या आत जमेल ते जमेल तिथे हलवायचं म्हणून लॅबमधल्या चौघांनी नमुने वाटून घेतले. रात्री उशिरा घरी आलेल्या कादंबरीने एक पिशवी गॅरेजच्या फ्रीझरमध्ये ठेवली आणि सकाळी कोणी उठायच्या आत ती निघून गेली. ती कुठल्या घरात वाढली होती, हे त्या घाईत तिच्या लक्षात राहिलं नाही.

मंगळवारी दुपारी गुरुदत्त गॅरेजमध्ये गेले. काम काही नव्हतं. कोणाच्याही गॅरेजमधला फ्रीझर उघडून पाहणं ही त्यांची जुनी सवय. आत एक पिशवी, पिशवीत चोवीस छोट्या झिपलॉक, प्रत्येकीत एकेक चंदेरी, वीतभर मासा, सोबत कागदाची चिठ्ठी आणि नंबर.

त्यांना पाहता पाहता भरून आलं. आल्या दिवशीच त्यांनी तक्रार केली होती की या देशात मासा म्हणजे गुलाबी साबणाची वडी. बारीक, काट्याची, चवीची मासळी बघायलाही मिळत नाही. पोरीने मनावर घेतलं. एवढ्या कामात कुठून तरी तारल्यांसारखी मासळी शोधून आणली, आणि सांगितलंही नाही. गॅरेजच्या फ्रीझरमध्ये ठेवली, म्हणजे ती कोणासाठी हे सांगायची गरजच काय? नंबर पाहून तर ते खूशच झाले. इथले कोळीसुद्धा एकेका माशाचा हिशोब ठेवतात! शेपटीजवळचा इवला पर काहींना होता, काहींना नव्हता. हा माल एका दर्ज्याचा नाही, एवढी नोंद त्यांनी मनात केली आणि मुलीकडे म्हणून दुर्लक्ष केलं.

चोवीसच्या चोवीस त्यांनी साफ केले. एक नंबरपासून, क्रमाने. तेवीस झाल्याशिवाय चोवीसला हात लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सुरी फक्त खवल्यांपुरती. बाकी काम त्यांच्या आईच्या पद्धतीने: डोकं मागे मोडायचं आणि पोटाच्या बाजूने सावकाश खाली ओढायचं, की आतलं सगळं त्याच्यामागे निमूट चालत येतं. डोकी आणि आतडी त्यांनी टाकली नाहीत. कादंबरीने मागच्या अंगणात टोमॅटो लावले होते आणि त्या किनाऱ्यावरच्या भर जुलैतल्या थंडीत ते नुसते उभे होते. गुरुदत्तांनी त्यांच्या बाजूने फूटभर खोल चर खणला, म्हणजे रॅकून येणार नाहीत, आणि नळाच्या टोकापासून सुरुवात करून, चार-चार इंचांवर, एकेक डोकं आतड्यासकट पुरलं.

वीणाताईंनी रिकाम्या झिपलॉक पाहिल्या आणि नेहमीप्रमाणे धुऊन ओट्यावर वाळत घातल्या. चाळीस वर्षं अमेरिकेत राहून त्यांनी एकही झिपलॉक एकदाच वापरून टाकली नव्हती. आतल्या चिठ्ठ्या न भिजणाऱ्या कागदाच्या होत्या. असला कागद टाकवेना, म्हणून त्या त्यांनी एका पेल्यात जमवून ठेवल्या.

साडेपाचला कादंबरी घरी आली तेव्हा लख्ख ऊन होतं. गॅरेजचं दार वीतभर वर होतं आणि खालून तांदळाच्या पिठात तळलेल्या मासळीचा वास रस्त्यावर येत होता. हा वास तिच्या अख्ख्या बालपणाचा. ती हसतच आत आली.

"या, या, शास्त्रज्ञबाई! आठ तळून झाले, त्यातले दोन चाखले, बाकीचे मुरतायत," गुरुदत्त म्हणाले. "मासे छान हो, पण एक सांगू? रागावू नकोस. तुला फसवलंय. तेल नाही अंगात. तव्यावर थेंब सुटला नाही."

कादंबरीने ताटाकडे पाहिलं. मग फ्रीझर उघडला. मग पुन्हा ताटाकडे पाहिलं.

"बाबा. हे माझे जूनचे मासे आहेत."

"हो ना, तुझेच. तूच तर आणलेस."

"बाबा, दिस इज द डेटा."

गुरुदत्तांच्या हातातला झारा तिथेच थांबला. त्यांनी शेगडी बंद केली. एवढं एकच करण्यासारखं होतं आणि ते त्यांनी फार काळजीपूर्वक केलं.

"यात औषध-बिषध नव्हतं ना घातलेलं?" दारातून वीणाताईंनी विचारलं. त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत आल्या. बेचाळीस वर्षांत मासे शिजत असताना त्या गॅरेजच्या उंबऱ्याच्या आत प्रथमच येत होत्या.

"नव्हतं. नुसते गोठवलेले होते." कादंबरी उलट्या बादलीवर बसली. इथेही एक बादली होतीच. "मला पोटातलं हवं होतं, आई. त्यांनी काय खाल्लं ते. आणि डोकी. आणि अंगातली चरबी मोजायची होती. आता चौकोन रिकामा. चोवीस वर्षांत पहिल्यांदा, आणि कारण काय लिहू? तळले?"

गुरुदत्त एकदम म्हणाले, "डोकी आहेत."

"काय?"

"डोकी आहेत आणि पोटं आहेत. डोक्यालाच लागलेली आहेत. एकही सुटलेलं नाही. मी सुरीने पोट फाडत नाही, तुला ठाऊक आहे." पुढचं वाक्य त्यांनी अशा आवाजात म्हटलं, जो कंपनीतून निघाल्यापासून कोणी ऐकला नव्हता. "टोमॅटोंच्या बाजूला आहेत. नळाकडे एक नंबर. चार-चार इंच."

कादंबरीने मान वर केली. "क्रमाने?"

"मग कसे?" गुरुदत्तांना प्रश्नच कळला नाही.

तिघंही अंगणात गेली. गुरुदत्त डावाने माती बाजूला करत होते. कादंबरीने चिमट्याने पहिलं डोकं उचललं. मागे आतड्यांची शेपटी अखंड होती. ठेवायचं कशात, म्हणून तिने इकडे तिकडे पाहिलं, तर समोर भांडी घासायचे पिवळे हातमोजे घातलेल्या वीणाताई उभ्या होत्या. एका हातात धुतलेली झिपलॉक उघडी धरलेली, दुसऱ्यात चिठ्ठ्यांचा पेला, मान पूर्ण दुसरीकडे वळवलेली.

"आई, तू?"

"टाक पटकन. आणि कोणता नंबर ते सांग, मला दिसत नाहीये. मी बघत नाहीये."

"बघितल्याशिवाय चिठ्ठी कशी शोधणार?"

"चिठ्ठी बघते. ते बघत नाही."

चोवीस वेळा पिशवी उघडली गेली. सतरा नंबरला मात्र चरातून नुसतं आतडं निघालं. कादंबरीने वडिलांकडे पाहिलं.

"सतराचं डोकं जरा मोठं होतं," गुरुदत्त टोमॅटोकडे पाहत म्हणाले. "ते मी चाखलं."

कादंबरी उठून गाडीकडे गेली. डिकीतून तिने टॉर्चएवढं एक यंत्र आणि बोटीवर केलेली यादी आणली. क्रम बरोबर आहे हे गुरुदत्तांनी सांगून चालणार नव्हतं. ते सिद्ध व्हायला हवं होतं, आणि गुरुदत्तांना हे इतरांपेक्षा जास्त पटत होतं. मासे पैदा करणाऱ्या केंद्रात वाढवलेल्या पोरांचा शेपटीजवळचा पर कापलेला असतो आणि त्यांच्या नाकात तांदळाच्या दाण्याहून बारीक तारेचा तुकडा टोचलेला असतो. नदीत जन्मलेल्यांत तो नसतो. कुठला नंबर कुठला, हे बोटीवरच लिहून ठेवलेलं होतं. तारेजवळ नेलं की यंत्र वाजतं.

"एक. वाजायला पाहिजे," कादंबरी म्हणाली. वाजलं.

"दोन. पाहिजे." वाजलं.

"तीन. नको." गप्प.

"चार. नको." गप्प. गुरुदत्तांच्या कपाळावर घाम होता. कंपनीत कोट्यवधींचा माल परत बोलावताना तो कधी आला नव्हता. सात वाजलं, आठ वाजलं, नऊ गप्प राहिलं, आणि नऊने गप्पच राहायचं होतं. सोळापर्यंत एकही चूक नाही. सतरा सोडून अठरा. चोवीस वाजलं तेव्हा वीणाताईंनी हातमोज्यासकट टाळी वाजवली आणि मग हात लांब धरून उभ्या राहिल्या.

"सतरा वाजायला हवं होतं. डोकं नाही म्हणजे पुरावा नाही, ते बाद," कादंबरी म्हणाली. मग एक क्षण विचार करून तिने यंत्र वडिलांच्या पोटाला लावलं. तिघंही कान देऊन उभी राहिली. यंत्र गप्प.

"रेंज किती याची?" गुरुदत्तांनी विचारलं.

"दीड इंच."

"मग काय ऐकू येणार!" वीणाताई म्हणाल्या.

कादंबरीला हसू आवरेना. ती मातीतच बसली. मग गुरुदत्तही हसले, पण थोडं उशिरा, परवानगी मिळाल्यासारखे.

लॅबच्या प्रमुख बाईंना तिने तिथूनच फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. परवान्याखाली पकडलेल्या प्रत्येक माशाचं काय झालं हे सरकारला कळवावं लागतं, तेव्हा लपवून उपयोगही नव्हता.  मग बाईंनी विचारलं, क्रमाची खात्री आहे? आहे. पोटं अखंड आहेत? आहेत.  तीस वर्षं या पोरांचा अभ्यास करणाऱ्या त्या बाईंनी मग जरा आवाज खाली करून विचारलं, चवीला कशी होती?

कादंबरीने फोन वडिलांकडे दिला.

"ड्राय," गुरुदत्त अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "व्हेरी ड्राय, मॅडम. नो ऑइल."

फोन ठेवल्यावर कादंबरी त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होती. "बाबा, मघाशी काय म्हणालास? तव्यावर तेल सुटलं नाही?"

"थेंब नाही. दोन चमचे घातलं, दोन्ही प्यायले. तारली टाकली असती तर तव्यात पोहायला लागली असती."

"आठही?"

"आठही. चार-चारचे दोन घाणे."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग ते खोडलं. तवा हे मान्यताप्राप्त उपकरण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना लॅबमध्ये नेलं. प्रमुख बाईंची अट होती: चिमटा हातात घ्यायचा नाही. गुरुदत्त स्टूलावर बसले, टेबलावरचा दिवा तिच्या हाताप्रमाणे इकडे तिकडे हलवत. ती एकेक जठर उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरत होती आणि तिच्या नकळत बोलत होती. हे बघ, खेकड्याची अळी, एकच. हे रिकामं. हे पण रिकामं. यात एक बारीक कोळंबी, पण दक्षिणेकडची. अकराव्या रिकाम्या पोटानंतर गुरुदत्त म्हणाले, "बिचारी. भर समुद्रात उपाशी."

"मे-जूनमध्ये वारा पडला होता. गार पाणी वर आलंच नाही."

"आणि मी वर त्यांनाच खाल्लं."

"तू नसतं खाल्लंस तरी मी फॉर्मलिनमध्ये घातलं असतं, बाबा. त्यांच्यासाठी फरक नाही." तिने पुढचं जठर उचललं. "दिवा जरा खाली घे."

गुरुवारी हॉलमध्ये साठेक माणसं होती. तक्त्यातला शेवटचा चौकोन भरलेला होता आणि लाल होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुने तेवीस. क्रमांक सतरा उपलब्ध नाही. चरबीचं मोजमाप उपलब्ध नाही. गुरुदत्त शेवटच्या रांगेत बसून "उपलब्ध नाही" हे शब्द वाचत होते. मुलीने त्यांना किती सांभाळून लिहिलं होतं!

त्यांच्या दोन रांगा पुढे बसलेला एक म्हातारा मच्छीमार उठला. पुढच्या वर्षी मासे कमी म्हणतेस, पण रिकामी पोटं एवढ्याच पोरांची; खात्री किती? कादंबरीने प्रामाणिकपणे सांगितलं, समुद्राची खात्री देता येत नाही, पण बाकीचे चौकोनही हेच सांगतात. म्हातारा समाधानी दिसला नाही. तो बसला, मागे वळला आणि गुरुदत्तांना, त्यांचेही केस पांढरे पाहून, तुम्हीही मासेवाले का, असं विचारता झाला.

गुरुदत्तांनी मुलीकडे पाहिलं. तिने डोळे मोठे केले.

"लहानपणापासून," ते म्हणाले. "ती खरं सांगतेय. मासे कोरडे होते."

म्हाताऱ्याने हळूच मान हलवली. कोरडा मासा म्हणजे काय, हे त्याला तक्त्यापेक्षा लवकर कळलं.

ऑगस्टमध्ये दोघं शॉमबर्गला परतली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी कादंबरीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती नदीकाठी उभी होती, अंगावर रेनकोट.

"बाबा, मोजणी झाली. कमी आले. जवळजवळ सांगितले होते तेवढेच."

"म्हणजे तू बरोबर होतीस." गुरुदत्तांना आनंद झाला आणि लगेच वाईट वाटलं, दोन्ही कसं एकदम दाखवायचं ते त्यांना जमेना. "आणि यंदाची पोरं?"

"यंदा वारा मस्त होता. यंदाची लठ्ठ आहेत. वर्षभर आधीच परत येणारे काही छोटे नर असतात ना, ते खूप आलेत. म्हणजे पुढच्या वर्षी बघ."

"तूप मिळालं," मागून वीणाताई म्हणाल्या.

"जूनमध्ये या. आणि बाबा, हे बघ." चित्र हललं, मग तिने आधी काढलेला एक फोटो पडद्यावर आला. न्यूपोर्टच्या गॅरेजमधला फ्रीझर, दार उघडं. वरच्या कप्प्यावर तिच्या वाकड्यातिकड्या, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या अक्षरात चिठ्ठी: "बाबा, हे नाही." खालच्या कप्प्यात पोर्टलंडच्या कुठल्याशा दुकानातून आणलेले बांगडे होते, प्रत्येक वेगळ्या झिपलॉकमध्ये, एक ते बारा नंबर घातलेले.

गुरुदत्तांनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि नंबर तपासले. सगळे क्रमाने होते.